टाचणीबाईंचा उद्याचा तास

शिवणकामाच्या बाईंना सगळी शाळा टाचणीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शाळेत पाठीमागे पडतं तेच खरं नाव. एक तर त्यांच्या छातीवर डाव्या बाजूला टाचण्यांची रांग कायम खोवलेली असायची, लढाई जिंकून आलेल्या सेनापतीच्या पदकांसारखी. आणि दुसरं त्यांचं बोलणं. "हा टाका घातलायस, का डास चावून गेलाय?" असं त्या इतक्या शांतपणे विचारायच्या, की आपल्याला टोचलं कुठे हे पोरींना घरी गेल्यावर समजायचं.

शिवणाची खोली शाळेच्या मागल्या अंगाला होती. पायाने चालवायच्या मशिनींची एक ओळ, कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे नमुने. कुठे नुसती बाही, कुठे नुसता गळा. नवखं माणूस आत आलं तर त्याला वाटावं, इथे कुणाचे तरी तुकडे करून वाळत घातलेत. त्यात बाईंचा सगळ्यात लाडका नमुना म्हणजे शाळेच्या फ्रॉकचा. मुलींचा गणवेश बाईंनी स्वतः बेतला होता, नोकरीला लागल्या त्याच वर्षी. पुढे चुण्या, मागे पट्टा, कॉलर अशी की मान आपोआप ताठ व्हावी. शाळा सुटली की बाई फाटकाशी उभ्या राहून बाहेर पडणाऱ्या मुलींकडे बघत. मुलींकडे कसलं, फ्रॉकांकडे.

अशा बाईंवर संकट आलं ते एका बैठकीत. मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या शिक्षकांना आपल्या खोलीत बोलावत. तिथे त्यांनी घसा साफ करून सांगितलं, की शिवणकाम बंद. घ्यायला मुलीच येत नाहीत. त्याच्या जागी वरून नवा विषय आलाय, 'उद्याचं जग'. उद्देश असा की विद्यार्थ्यांनी न्याय्य आणि शाश्वत भविष्य घडवायला तयार व्हावं. एवढं एका दमात वाचून सर पाणी प्यायले.

"कोण घेणार हा विषय?" त्यांनी विचारलं.

विज्ञानाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. भूगोलाच्या बाईंना एकदम खोकल्याची उबळ आली. इतिहासाचे सर म्हणाले, "माझा सगळा कारभार होऊन गेलेल्या गोष्टींचा. उद्याचं आपल्याला झेपायचं नाही." आपण होऊन हात वर करून अवलक्षण कोण करून घेणार? टाचणीबाई तेवढ्या बेसावध होत्या. मोठ्या सरांच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते त्यांना बघवेना, म्हणून बैठक चालू असताना त्या ते लावून देत होत्या. दोरा दाताने तोडून त्यांनी मान वर केली, तर सगळी खोली त्यांच्याकडेच बघत होती.

"बाईंचे तास आता मोकळे आहेत," मोठे सर म्हणाले.

"सर, उद्या डब्याला काय करायचं हे मला आज सुचत नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळ्या जगाचं उद्या माझ्या गळ्यात घालताय?"

पण घातलंच.

घरी आल्यावर बाईंनी पुस्तक नवऱ्यापुढे टाकलं. नवरा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता आणि आता घरात कंडक्टर होता. स्वयंपाकघराच्या दारात कुणी उभं राहिलं तरी "आत चला, आत चला" म्हणायचा. त्याने चष्मा लावून पहिला धडा मोठ्याने वाचला. जिभेला गाठी पडाव्यात असे शब्द होते.

"अहो, पण शाश्वत म्हणजे नक्की काय?" बाईंनी विचारलं.

त्याने पान उलटंपालटं करून बघितलं. "असं दिसतंय, की आपण चढलो म्हणून दारात अडून उभं राहायचं नाही. मागच्या थांब्यावरचे लोक अजून यायचेत."

"आणि न्याय्य?"

"खिडकीची जागा रोज एकालाच नाही."

"आणि भविष्य?"

"ते मला नको विचारू. मी जन्मभर लोकांना पुढे चला म्हणून ओरडलो. पुढे काय आहे ते ड्रायव्हरला ठाऊक."

बाईंना यातलं शिकवण्याजोगं काहीच वाटलं नाही. त्यांनी ठरवलं, सरळ लिहून द्यायचं. लिहून दिलं की मुलं गप्प बसतात, तास संपतो आणि पाठांतर झालं की परीक्षाही होते. आजवर अनेक विषय असेच पार पडले होते.

पहिल्या तासाला त्या वर्गावर गेल्या, टेबलावर पुस्तक ठेवलं आणि सांगायला लागल्या, "लिहा. भविष्य आपल्या हातात आहे. पूर्णविराम."

पुढच्या बाकावरून एक किडकिडीत मुलगी उठली. तिचं नाव वर्गाने 'पणका' पाडलं होतं, कारण तिचं कुठलंही वाक्य "पण का" असं सुरू व्हायचं. गणिताच्या सरांनी एकदा तिला शून्याने भागता येत नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सर रजेवर गेले होते.

"बाई, हातात कुठे?" पणका म्हणाली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. एका मुठीत घराची किल्ली आणि रुमाल, दुसऱ्या मुठीत बसचा पास आणि पेन्सिलचं थोटूक. "हात भरलेत माझे. खिसाच नाहीये."

वर्ग खदखदून हसला. बाईंना मात्र ते वर्मी लागलं. त्यांच्या फ्रॉकवर बोट? तेही भर तासाला?

"फ्रॉकला खिसा नाही, त्याला कारण आहे," बाई म्हणाल्या. "कापड वाचतं. शाश्वत का काय म्हणतात ते हेच."

"पण मग मुलांचं का नाही वाचवलं?"

मुलांच्या बाजूने कुणी तरी नकळत खिशात घातलेला हात बाहेर काढला. इतक्या वर्षांत बाईंच्या तोंडून कधीच न निघालेलं वाक्य निघालं, "उद्या सांगते."

"बाई, विषयच उद्याचा आहे," मागून कुणी तरी म्हणालं.

त्या संध्याकाळी बाईंनी जुना नमुना घरी आणला आणि जेवायच्या टेबलावर पसरला. खिशाचं कापड वाचतं किती ते खरंच मोजून बघितलं. तळहाताएवढं. बघता बघता त्यांना आठवायला लागलं. कापड वाचवायची गोष्ट तेव्हा निघालीच नव्हती. शाळेच्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले होते, "मुलींना खिसा कशाला? गोळ्या नाहीतर चिठ्ठ्या, तिसरं काय असणार त्यात?" बाकीचे हसले होते. नोकरी नवी होती म्हणून बाईही हसल्या होत्या. कापडाचं कारण त्यांनी पुढे कधी तरी स्वतःच शोधून काढलं, आणि इतकी वर्षं सांगितलं की ते त्यांना खरं वाटायला लागलं.

"हसलीस कशाला मग?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही नाही का साहेब लोक फुकट बसले की दुसरीकडे बघत होतात?"

"अगं, त्यांच्याकडे फुकटचा पास असायचा."

"सगळ्यांकडे?"

नवरा हात धुवायला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला खरं ते सांगितलं. कारण काही नव्हतं, कुणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं, एवढंच. मोठी माणसं असं बोलतात हे मुलींना माहीत नव्हतं. मग बाईंनी पुस्तकातला उपक्रम काढला. आपल्या आसपासचा एक अन्याय शोधा, त्यावर उपाय सुचवा, आणि तो उपाय मागून येणाऱ्यांना जड होणार नाही असा असू द्या. दोन तासांत खिशाचं प्रकरण गुंडाळू आणि पाण्याच्या धड्याकडे वळू, असा बाईंचा हिशेब होता.

दोन तासांत नुसते मुलांचे खिसेच रिकामे झाले. पुराव्यासाठी सगळ्यांनी खिशातलं टेबलावर काढायचं असं ठरलं होतं. खोडरबराचे तुकडे, बाटलीची झाकणं, पूर्वी कधी तरी गोळी असलेली एक वस्तू, आणि एक गोगलगाय. गोगलगाय जिवंत होती. "ती झोपलीये, हलवू नका!" म्हणून तिचा मालक रडकुंडीला आला. मग मुलींनी आपापल्या जागा दाखवल्या. कुणी किल्ली मोज्यात ठेवायची, कुणी रुमाल बाहीत खोचायची. एकीने सांगितलं की दोन्ही हातांत सामान असलं की ती किल्ली दातात धरून जिना चढते, आणि परवा जिन्यात शेजारच्या आजोबांनी "बरी आहेस ना?" विचारलं तेव्हा तिला उत्तरच देता आलं नाही. आजोबांनी तिच्या आईला जाऊन सांगितलं, पोरीची वाचा गेली.

"मुलांना काय करायचेत खिसे?" पणका म्हणाली. "गोगलगाय फिरवायला? काढून घ्या त्यांचे."

मुलांनी आरडाओरडा केला. त्या गोंधळात मागच्या बाकावरून शिडी उभा राहिला. शिडी म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. तो फारसा बोलायचा नाही, आणि उभा राहायचा तेव्हा उलगडत उलगडत उभा राहायचा, त्यामुळे त्याचं उभं राहणं पूर्ण होईपर्यंत सगळे आपोआप गप्प व्हायचे.

"खिसे आहेत," शिडी म्हणाला, "पण पँट पुरत नाही."

खरंच होतं. वर्षाच्या सुरुवातीला घोट्यापाशी असलेली त्याची पँट आता पोटरीकडे निघाली होती. आई दर खेपेला नवी घेते, तो म्हणाला, आणि जुनी पँट चांगली असून तिने फरशी पुसतात. "आमची फरशी गणवेशात असते."

बाईंनी त्याला टेबलावर उभं केलं आणि पँटची दापण, म्हणजे खाली आत दुमडून शिवलेली पट्टी, उलटून बघितली. दुकानदाराने कापड इतकं चोरलं होतं की उसवायला काही उरलंच नव्हतं. इथून पुढे तास हाताबाहेर गेला. नुसता खिसा बाजूला राहिला. सगळ्या कपड्यांना खाली चांगली चार बोटं दापण हवी, म्हणजे मूल वाढलं की उसवून खाली सोडता येईल, असं एकाने मांडलं. दुसरीने सांगितलं, अंगाला होईनासा झालेला गणवेश शाळेत आणून ठेवायचा, ज्याला होईल त्याने न्यायचा. "दुसऱ्याचा वापरलेला? शी!" असं एक मुलगी म्हणाली, त्यावर पणकाने तिला विचारलं, "पण का? तू बसतेस तो बाक नवा आहे का?" भांडणं झाली, मतं पडली, पुन्हा भांडणं झाली. बाई मधे पडायला जायच्या आणि त्यांच्या लक्षात यायचं, आपल्यालाही उत्तर माहीत नाही. अशा वेळी काय करायचं असतं? त्यांनी खुर्ची ओढली आणि मुलांमध्ये जाऊन बसल्या.

आणि इकडे हे चाललेलं असताना तिकडे मोठ्या सरांनी बॉम्ब टाकला. शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. समितीच्या अध्यक्षांनी ठरवलं होतं, की आता जुना गणवेश मोडीत काढायचा आणि सगळ्या मुलामुलींना जाडजूड निळा कोट आणि टाय. अध्यक्षांचे मेव्हणे कापडाचे व्यापारी होते हा निव्वळ योगायोग, असं अध्यक्ष स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते. नमुन्याचे दोन कोट सरांच्या खोलीत काचेच्या कपाटात येऊन लटकले.

वर्गाने बाईंच्या मागे लागून कोट बघायला मागितले. पणकाने मुलींच्या कोटाच्या खिशावरचं झाकण उचललं, बोट घातलं, आणि बोट कापडावरच आपटलं. झाकण होतं, खाली काही नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "हा खिशाचा फोटो आहे."

बाईंनी हात फिरवून बघितलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी समजलं. न दिलेला खिसा वेगळा. दिल्यासारखा दाखवून न दिलेला, ही शुद्ध चारसोबीसी. त्या तडक सरांकडे गेल्या.

"बाई, जरा सबुरीने," मोठे सर म्हणाले. सर वाईट नव्हते. फक्त अध्यक्षांसमोर ते पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखे व्हायचे. "पुढच्या आठवड्यात तुमच्या विषयाची तपासणी आहे. शिक्षणखात्याचे साहेब येणार, अध्यक्ष येणार. आदर्श पाठ घ्या. झाडं, पाणी, सूर्यप्रकाश. खिसा हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आणि मुलांना घडवायचं भविष्य?"

"ते घडवायचं ना! पण शाळा सुटल्यावर."

बाईंनी मान डोलावली. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, कशाला वाकड्यात शिरा? मुलांकडून प्रश्नोत्तरं घोटून घेतली. पणकाला पढवलं, "तुला काही विचारलं तर म्हणायचं, आम्ही झाडं लावू." पणका म्हणाली, "पण का?" बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी." असं उत्तर पणकाला आजवर कुणी दिलं नव्हतं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याने बाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तपासणीच्या दिवशी फळा इतका पुसला होता की त्यात तोंड दिसावं. मागच्या भिंतीला तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत साहेब, गोल चेहऱ्याचे, खिसेच खिसे असलेला कोट घातलेले. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मोठे सर. पाठ तुपात घसरावा तसा चालला होता. बाईंनी विचारावं, मुलांनी एका सुरात उत्तर द्यावं. अध्यक्षांना तर डुलकी लागली.

शेवटी साहेब उठले. "छान. आता मला सांगा, तुम्हाला कसं जग हवंय?" आणि त्यांचं बोट नेमकं पणकावर थांबलं.

पणका उभी राहिली. तिने बाईंकडे बघितलं. "आम्ही झाडं..." एवढं म्हणाली आणि थांबली. तिच्या एका मुठीत किल्ली होती.

बाईंनी मोठ्या सरांकडे बघितलं. सर डोळ्यांनी 'झाडं, झाडं' म्हणत होते.

"खरं ते सांग गं," टाचणीबाई म्हणाल्या.

आणि मग धरण फुटलं. पणकाने खिशापासून सुरुवात केली, दातातली किल्ली आली, शेजारचे आजोबा आले, शिडीची फरशी आली, कोटावरचा खिशाचा फोटो आला, वर्गाने वहीत लिहून काढलेला आराखडा आला. अध्यक्ष दचकून जागे झाले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पण चेहरा काही खुलला नाही. "बेटा," ते म्हणाले, "मी जगाबद्दल विचारलं होतं. जगाचे प्रश्न मोठे असतात. तुमचा हा आराखडा का काय तो द्या, बघतो." त्यांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला. मग दुसरा. आतला. पाठीमागचा. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

"साहेब," शिडी उलगडत उभा राहिला, "तुमचे खिसे थोडा वेळ बंद ठेवून बघता का?"

मोठ्या सरांनी डोळे मिटले. पण साहेब खिलाडू निघाले, किंवा चष्म्याच्या घोटाळ्यामुळे त्यांना मोठेपणा दाखवणं भाग पडलं. "प्रात्यक्षिक!" ते म्हणाले. "पुस्तकात सांगितलंयच, करून शिकावं. बाई, कशाने बंद करणार?"

बाईंच्या छातीवर रांग तयार होतीच. त्यांनी साहेबांच्या खिशातलं सगळं काढून त्यांच्या हातात दिलं आणि एकेक खिसा टाचून टाकला. मग साहेबच म्हणाले, "एकट्याला कशाला? सगळ्यांचे करा." अध्यक्ष नको नको म्हणत होते, पण साहेबांसमोर त्यांचंही बिस्कीट झालं. मोठ्या सरांनी आपण होऊन हात वर केले, शरण आल्यासारखे.

अशा अवस्थेत तिघे जण चहाला सरांच्या खोलीकडे निघाले. मागे सगळा वर्ग, शिस्तीत. साहेबांच्या एका हातात फोन, पेन, रुमाल, दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या, पाकीट आणि औषधाच्या गोळ्या. दार बंद होतं. साहेबांनी ते कोपराने उघडायचा प्रयत्न केला, मग गुडघ्याने. शेवटी किल्ल्या तोंडात धरल्या. नेमके तेव्हाच इतिहासाचे सर समोरून आले आणि म्हणाले, "नमस्कार साहेब, पाठ कसा झाला?" साहेबांच्या तोंडून आवाज आला तो काही कुठल्या भाषेतला नव्हता. इतिहासाचे सर घाबरून बाजूला झाले.

आत शिपाईमामांनी चहाचा कप पुढे केला. साहेबांना घ्यायला हात नव्हता. मामा कप धरून उभे, साहेब सामान धरून उभे. आणि मग अध्यक्षांचा फोन वाजला. घाईत त्यांचा एक खिसा रिकामा करायचा राहिला होता, आणि फोन त्यातच होता, टाचलेल्या खिशात. वाजायला लागला तो थांबेना. अध्यक्षांनी खिशावर हात मारला आणि "आई गं!" म्हणून उडाले. टाचणी. दुसऱ्या बाजूने घातला, पुन्हा टाचणी. फोन त्यांच्या मेव्हण्यांचा होता. कोटाचं काय ठरलं हे विचारायला केलेला.

साहेब आधी हसले नाहीत. मग त्यांच्या हातातलं पाकीट पडलं, ते उचलायला वाकले तर पेन पडलं, आणि मग ते जे हसायला लागले, ते शिपाईमामांनी खुर्ची आणून बसवलं तरी थांबेनात.

या सगळ्याचा निकाल लागला तो मात्र गोष्टीत लागतो तसा लागला नाही. साहेबांचा अहवाल आला, त्यात 'फळ्यावरील अक्षर सुवाच्य' एवढंच होतं. अध्यक्षांनी कोटाचा हट्ट सोडला नाही. पालकांची सभा भरली, तेव्हा निम्म्या पालकांना कोटच हवा होता. "कोट घातला की पोरगं कसं साहेब दिसतं," एक बाप म्हणाला. त्यावर शिडीच्या आईने विचारलं, "आणि कोट आखूड झाला की? त्याने तर फरशीही पुसली जायची नाही." मुलांनी आपापल्या घरी आईवडिलांशी, काकांशी, आत्याशी महिनाभर वाद घातले. काही घरांत कान उपटले गेले. शेवटी तडजोड झाली. कोट ज्याला हवा त्याने घ्यावा. एकट्या अध्यक्षांच्या नातवाने घेतला, आणि त्याला उकडून त्याच्या अंगावर घामोळं आलं. जुना गणवेश राहिला. मोठ्या सरांनी मोठ्या धाडसाने एक सूचना काढली, की मुलींच्या फ्रॉकला 'प्रायोगिक तत्त्वावर' एक खिसा चालेल.

"एकच?" पणकाने विचारलं.

"आधी एक शिवून दाखव," बाई म्हणाल्या.

कारण खिसे शिवायचे कुणी, हा प्रश्न होताच. शिवणाच्या खोलीचं कुलूप पुन्हा निघालं. बाईंनी अट घातली, मुलगा असो की मुलगी, आपल्या हाताने शिवायचं. जुन्या, विटलेल्या गणवेशांचं कापड वापरायचं. शिडीने पहिल्याच दिवशी एवढ्या एकाग्रतेने पँटची दापण घातली, की घंटा झाल्यावर उठायला गेला तर उठता येईना. पँट त्याने टेबलावरच्या कापडासकट शिवली होती, आणि ती त्याच्या अंगात होती. गोगलगायीच्या मालकाचा हात मात्र सोन्याचा निघाला. त्याची काजं बघून बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळालेली नव्हती.

सगळ्यात वाईट शिवण पणकाची. तिने खिसा शिवला, किल्ली वरून टाकली, किल्ली खालून बाहेर.

"हा खिसा आहे का बोगदा?" बाईंनी विचारलं. "उसव. पुन्हा घाल."

"पण का? आतून थोडंच दिसतंय? आणि पुढच्या वर्षी हा फ्रॉक मला होणारसुद्धा नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "जिला होईल तिची किल्ली हरवेल."

पणकाने किल्ली मोज्यात टाकली आणि उसवायला बसली.

पुढची वर्षं काही अगदी सुरळीत गेली नाहीत. खिसे आल्यावर मुलींच्याही खिशात झाकणं आणि गोगलगायी आल्या, आणि कपडे धुणाऱ्या आया तक्रार घेऊन शाळेत आल्या. वापरलेल्या गणवेशांच्या कपाटात एकदा झुरळं झाली. एक वर्ष तर कपाट रिकामंच राहिलं, सगळ्यांनी नेलं आणि आणून कुणी ठेवलं नाही. त्या वर्षी बाईंनी पाण्याचा धडा सोडून दिला आणि वर्गाला हेच सोडवायला लावलं. 'उद्याचं जग' पुस्तकातले निम्मे धडे बाईंच्या हातून कधी पुरे झाले नाहीत. मोठे सर दर वर्षी बोलायचे, बाई दर वर्षी मान डोलावायच्या.

निवृत्तीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत नवरा नवा शर्ट घालून बसला होता आणि शेजारच्या माणसाला सरकायला सांगत होता. व्यासपीठावर बाईंना मधली खुर्ची दिली होती. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. बाईंच्या सेवेबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले, आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "आज आपल्या शाळेच्या खिशांची चर्चा दूरदूरच्या शाळांत होते. मला अभिमानाने सांगावंसं वाटतं, की ही दूरदृष्टी मूळ आमच्या समितीची."

टाळ्या सुरू होणार तेवढ्यात मागच्या बाजूला खुर्ची करकरली. शिडी आता शेवटच्या वर्गात होता आणि आणखी वाढला होता. तो उलगडायला लागला. त्याचं उलगडणं संपेपर्यंत सभागृह शांत झालं.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "हे बरोबर नाहीये."

मोठ्या सरांनी घाईघाईने बाईंकडे बघितलं. बाईंनी एक भुवई जरी उचलली असती तरी पोरगा खाली बसला असता, एवढा धाक त्यांचा अजून होता. बाईंनी पदकांसारख्या त्या टाचण्या सरळ केल्या, खुर्चीत मागे रेलल्या, पाय जरा लांब केले आणि ऐकायला लागल्या.